कळशीवरचं नाव

रविवार, रात्री उशिरा

इमारत पाडणार आहेत, महिन्याभरात घर रिकामं करायचंय, म्हणून आज माळा काढला. पितळेची भांडी मोडीत द्यायची हे आधीच ठरलं होतं. परात गेली, बंब गेला, मोठी पातेली गेली. वाईट वाटलं नाही. मग कळशी हातात आली आणि ती मी बाजूला ठेवली. दादा म्हणाला, "अगं, बुडाला भोक आहे तिच्या." असू दे.

तिच्या गळ्याशी छिन्नीने ठिपका ठिपका ठोकून घातलेलं नाव आहे. आजीचं, पण माहेरचं. लग्न ठरलं तेव्हा तिच्या वडिलांनी तांबट आळीतून कळशी आणली आणि नाव घालून घेतलं. लग्नात तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं गेलं. पुढे रेशनकार्डावर, मतदारयादीत, शेवटच्या दाखल्यावरही तेच. जुनं उरलं ते या पितळेवर.

12 जुलै 1961. पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचंही गेलं आणि मुठेचं पाणी पुण्यात नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात शिरलं. पाणी ओसरल्यावर आजी-आजोबा परत आले तर सगळ्या बिऱ्हाडांची भांडी चिखलात एक झालेली. बायका एकेक भांडं पुसायच्या, नाव वाचायच्या, हाक मारून ज्याचं त्याला द्यायच्या. ही कळशी मात्र कुणीच आपली म्हणेना. त्या नावाची बाई वाड्यात नव्हतीच! आजी पोरांना घेऊन दिंडी दरवाजाबाहेर उभी होती. आजोबांनी कळशी हातात घेतली, नाव मोठ्यानं वाचलं आणि म्हणाले, "ही आमच्या घरातली." इतक्या वर्षांच्या संसारात त्यांच्या तोंडून ते नाव आपण पहिल्यांदा ऐकलं, असं आजी सांगायची. पूर किती चढला, काय काय वाहून गेलं, यापेक्षा ती हेच जास्त सांगायची.

खडकवासलाच नाही म्हटल्यावर नळाला पाणी कुठलं! पुढे कितीतरी दिवस विहिरीवरून पाणी आलं ते याच कळशीतून.

जुनी वस्तू जपली की लोक म्हणतात, आठवण म्हणून ठेवली. माझं तसं नाही. पूर मी पाहिलेला नाही, आजीच्या कडेवर कळशी पाहिल्याचंही मला आठवत नाही. पण एक मुलगी त्या नावाने कुणाच्या तरी घरात धावत होती, तिला त्या नावाने हाका मारल्या जात होत्या, याला आता हा एकच साक्षीदार आहे. तो मी तराजूत कसा टाकू?

संध्याकाळी चिंच-मीठ लावून घासली. पहिली दोन अक्षरं दिसतात. तिसरं झिजलंय, बोट फिरवलं तरच कळतं. लेकीने बोट फिरवून ते वाचलं, दोनदा.

उद्या तांबट आळीत जाऊन विचारायचंय, बुडाला डाग लावून मिळेल का.