काकानू, ह्येच्यात काळोख खंय?

मिरग लागला की आमच्या मालवणात आकाश बंद होतं. मग टेलिस्कोप पुसून, सिलिका जेलच्या पुड्या घालून पेटीत ठेवायचा, नाहीतर आरशावर बुरशी धरते, आणि तो बाहेर निघतो पार दिवाळीच्या आसपास. उन्हाळ्यात किनाऱ्यावर चंद्र नि शनी बघायला येणारी वाडीतली पोरं पावसात पण घरी येतातच, लाईट असली की लॅपटॉप उघडतो आणि मी त्यांना मुद्दाम एक्स-रेमधलं आकाश दाखवतो. कारण ते आकाश जमिनीवरून कुणालाच दिसत नाही, मालवणात धो धो पाऊस असो नाहीतर लडाखला एकदम स्वच्छ रात्र असो. बाहेरून येणारे एक्स-रे वरच्या हवेतच शोषले जातात (म्हणून आपण जिवंत आहोत हे पण खरं), त्यामुळे बघायचं तर दुर्बीण हवेच्या वर न्यावीच लागते, दुसरा उपाय नाही.

तर असंच एकदा इरोसिटा या दुर्बिणीने केलेला अर्ध्या आकाशाचा नकाशा स्क्रीनवर लावला होता. लाल, हिरवे, निळे पट्टे, जिकडे बघावं तिकडे ठिपके, आणि ठिपक्यांच्या मधे पण उजेडच. सातवीतली एक पोरगी बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली, "काकानू, ह्येच्यात काळोख खंय आसा?"

मला हा प्रश्न इतका आवडला की हे सगळं त्याच्यासाठीच लिहितोय. कारण एक्स-रे खगोलशास्त्राची सुरुवातच या प्रश्नाने झालीय म्हटलं तरी चालेल.

18 जून 1962 च्या रात्री अमेरिकेत न्यू मेक्सिकोतून एक एअरोबी रॉकेट सोडलं, रिकार्डो जियाकोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. त्यांना बघायचा होता चंद्र. सूर्याच्या माऱ्याने चंद्राच्या जमिनीतून एक्स-रे निघतात का, एवढंच. हवेच्या वर रॉकेट राहिलं जेमतेम सहा मिनिटं. चंद्राचं काही सापडलं नाही, पण वृश्चिक राशीच्या दिशेला एक जबरदस्त तेजस्वी काहीतरी सापडलं, त्याला आज स्कॉर्पियस एक्स-1 म्हणतात, तो आपल्याच आकाशगंगेतला एक न्यूट्रॉन तारा (मोठा तारा मेल्यावर उरलेला अतिशय दाट गोळा) आहे जो शेजारच्या ताऱ्याचा माल ओढून घेतोय. आणि दुसरं म्हणजे यंत्र कुठल्याही दिशेला वळलं तरी थोडे एक्स-रे येतच होते. म्हणजे सगळं आकाशच मंद उजळलेलं. तो उजेड कुठून येतोय याचं उत्तर नीट मिळायला पुढे जवळजवळ चाळीस वर्षं गेली. जियाकोनींना 2002 मध्ये नोबेल मिळालं.

रॉकेट म्हणजे सहा मिनिटांचा खेळ. खरा सर्वे झाला तो उहुरू नावाच्या उपग्रहाने, तो 12 डिसेंबर 1970 ला उडाला केनियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रातच उभारलेल्या सान मार्को प्लॅटफॉर्मवरून. मालवणच्या किनाऱ्यावर नैऋत्येला तोंड करून उभं राहिलं तर पाण्याच्या पलीकडे तोच किनारा लागतो, पोरांना हे सांगितलं की त्यांना एकदम जवळचं वाटतं. उहुरूच्या यादीत 339 स्रोत होते. त्यातच कळलं की शेकडो हजारो दीर्घिका (गॅलेक्सी हो) जिथे एकत्र राहतात त्या क्लस्टरमधून एक्स-रे येतात, आणि ते एकेका दीर्घिकेतून नाही तर त्यांच्या मधल्या मोकळ्या वाटणाऱ्या जागेतून येतात. तिथे कोट्यवधी अंश तापलेला विरळ वायू भरलेला आहे. साध्या दुर्बिणीत ती जागा रिकामी दिसते. मला विचाराल तर दीर्घिकांच्या अभ्यासातला हा सगळ्यात मोठा धक्का आहे, कारण त्या वायूचं वजन क्लस्टरमधल्या सगळ्या दीर्घिकांच्या सगळ्या ताऱ्यांपेक्षा कितीतरी पट भरतं. म्हणजे आपण शतकानुशतकं जे चमकतं तेच मोजत बसलो होतो.

आता काळोख. 1990 च्या जूनमध्ये जर्मनीचा रोसॅट उपग्रह वर गेला आणि त्याच महिन्यात त्याने चंद्राचा एक्स-रे फोटो काढला. अर्धा चंद्र सूर्याच्या बाजूने उजळलेला, 1962 मध्ये जे बघायचं होतं ते एकदाचं दिसलं, पण दुसरा अर्धा भाग बघा. तो मागच्या आकाशापेक्षा काळा आहे! आकाश उजळ आणि चंद्राची अंधारी बाजू त्याच्यासमोर काळी सावली होऊन उभी. तो फोटो मी त्या पोरीला दाखवला, ह्यो बघ तुझो काळोख. ती हसली नाही, तिने लगेच पुढचं विचारलं, "मग त्याच्या पाठी उजेड कसलो?"

हाच तो प्रश्न. उत्तर दिलं ते सर्वेंनी, आणि मुख्य म्हणजे 1999 मध्ये गेलेल्या चंद्रा वेधशाळेने (आपल्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखरांचं नाव आहे तिला). या चंद्रा वेधशाळेने दक्षिण आकाशातल्या एका छोट्या तुकड्याकडे थोडं थोडं करत एकूण 70 लाख सेकंद रोखून बघितलं, म्हणजे जवळपास साडेअकरा आठवडे. तो तुकडा पौर्णिमेच्या चंद्रापेक्षा लहान आणि त्यात हजारभर स्रोत निघाले. त्यातले सुमारे सत्तर टक्के म्हणजे लांबच्या दीर्घिकांच्या मध्यावर बसलेली महाकाय कृष्णविवरं. कृष्णविवर स्वतः काही प्रकाश देत नाही, पण त्यात पडणारा वायू पडता पडता इतका तापतो की एक्स-रे फेकतो, आणि त्यातले जास्त ताकदीचे एक्स-रे धुळीच्या पडद्यातून पण बाहेर येतात, त्यामुळे साध्या फोटोत अगदी गरीब दिसणारी दीर्घिका एक्स-रेमध्ये पकडली जाते. तर तो सगळीकडचा मंद उजेड म्हणजे हेच, वेगळे न दिसणारे असंख्य ठिपके.

पण चंद्रा खोल बघते, रुंद नाही. मला मात्र रुंद सर्वेचंच जास्त कौतुक आहे. दुर्बीण कुठे रोखायची हे माणसाने ठरवलं की माणसाला आधीच जे महत्त्वाचं वाटतं तेच बघितलं जातं. सर्वे निवड करत नाही, सगळ्या आकाशावरून जातो.

इरोसिटाने हेच केलं. 13 जुलै 2019 ला बायकोनूरहून रशियन यानावर बसून ही जर्मन दुर्बीण 15 लाख किलोमीटर लांब गेली आणि दर चार तासांनी स्वतःभोवती एक फेरी मारत, सहा महिन्यांत पूर्ण आकाश, असं काम सुरू झालं. आरसे पण बघण्यासारखे. एक्स-रे समोरून आरशावर पडले तर आत घुसतात, परततच नाहीत, म्हणून ते अगदी तिरके घासून जातील असे आरसे लावतात, चपटा दगड खाडीच्या पाण्यावर तिरका भिरकावला की टप्पे खात जातो आणि वरून टाकला की बुडतो ना, तसंच. इरोसिटाच्या सात नळ्या, प्रत्येकीत एकात एक बसवलेले 54 आरसे, सगळ्यांना सोन्याचा मुलामा.

पहिल्या सहा महिन्यांचा, जर्मनीच्या वाट्याला आलेल्या अर्ध्या आकाशाचा डेटा 31 जानेवारी 2024 ला सगळ्यांसाठी खुला झाला. 17 कोटी फोटॉन (एक्स-रेचे कण), त्यातून सुमारे 9 लाख स्रोत. त्यात 7 लाख 10 हजारच्या आसपास महाकाय कृष्णविवरं, 1 लाख 80 हजार आपल्याच आकाशगंगेतले तारे, 12 हजार क्लस्टर. त्याआधी 60 वर्षांत सगळ्यांनी मिळून जेवढे स्रोत शोधले होते त्यापेक्षा हे जास्त, आणि तेही सहा महिन्यांत! आणि आपल्या आकाशगंगेच्या वर नि खाली उठलेले गरम वायूचे दोन अवाढव्य फुगे पण याच सर्वेत 2020 मध्ये नीट दिसले. ते कुठल्याच एका ठिकाणी रोखलेल्या दुर्बिणीला दिसले नसते, कारण ते आकाशाचा केवढा तरी मोठा भाग व्यापतात.

पूर्ण आकाशाच्या ठरल्या होत्या आठ फेऱ्या. चार पूर्ण झाल्या, पाचवी चालू होती, आणि फेब्रुवारी 2022 मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यावर दुर्बीण झोपवली. मला याचं खूप वाईट वाटतं. प्रत्येक फेरीत आधीपेक्षा अंधुक गोष्टी वर येतात, एखादं कृष्णविवर मधेच ताऱ्याला फाडून भडकलं तर ते फेऱ्यांची तुलना केल्यावरच कळतं. ती तुलना अर्ध्यावर थांबली.

पोरांना हे सांगताना मी आपल्याकडचं पण सांगतो. 28 सप्टेंबर 2015 ला श्रीहरिकोट्याहून ॲस्ट्रोसॅट हा भारताचा उपग्रह गेला, त्याची एक्स-रे दुर्बीण मुंबईत कुलाब्याला टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) इथे बनली, पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत त्याचा डेटा वापरायला मदत करणारी माणसं बसतात. म्हणजे कोकणकन्येत बसलं की सकाळी उतरायचं त्याच मुंबईत हे काम चालतं.

घरी बघायचं असेल तर युरोपियन स्पेस एजन्सीचं ईसास्काय (ESASky) ब्राउजरमध्ये उघडा, फुकट आहे, मोबाइलवर पण चालतं. शोधात पर्सियस क्लस्टर टाका, आधी साध्या प्रकाशात बघा, मग एक्स-रे लावा. अंतर सुमारे 24 कोटी प्रकाशवर्षं. चंद्रा वेधशाळेने काढलेला मधल्या भागाचा फोटो सापडला तर वायूत मोठमोठी भोकं दिसतील, ती मधल्या दीर्घिकेच्या कृष्णविवराने फुगवलेली आहेत, आणि त्याच्या या फुंकण्यामुळेच वायू थंड होऊन त्याचे ढीगभर नवे तारे बनत नाहीत.