कोल्श, फेरी तिसरी: लोण्याचा वास आणि जुने ४१ मार्क

मंडळी, पुण्याच्या एका ब्रूअरीची कोल्श बियर मी फेरीफेरीने चाखून मार्क देतोय, त्यातली तिसरी फेरी झाली एकदाची. मधे श्रावण, मग गणपती, मग पितृपक्ष, घरात बाटली उघडायचा विषयच नव्हता, त्यामुळे दुसऱ्या फेरीनंतर चांगला अडीच महिन्यांचा गॅप पडला. गेल्या रविवारी मामेभाऊ पुण्याहून साताऱ्याला येताना त्याच ब्रूअरीच्या कोल्श स्टाईल एलचे दोन सीलबंद ग्राउलर (बियर भरून न्यायच्या मोठ्या बाटल्या) घेऊन आला, थर्माकोलच्या बॉक्समध्ये बर्फ घालून, घरी पोचले तेव्हा हाताला गारच लागत होते. एक त्याच संध्याकाळी उघडला. मी, मामेभाऊ आणि या वेळी पहिल्यांदाच आमचे दाजी. परमिट तिघांकडेही आहे.

जे नवीन आलेत त्यांच्यासाठी थोडक्यात. कोल्श ही जर्मनीतल्या कोलोनची बियर. यीस्ट एलचं (एल म्हणजे जरा उबेत आंबवलेली बियर, लागर म्हणजे थंडीत आंबवून मुरवलेली), पण फर्मेंटेशन म्हणजे आंबवणं झालं की लागरसारखी शून्य डिग्रीच्या आसपास काही आठवडे मुरवतात, म्हणून दिसायला लागरसारखी फिकट सोनेरी आणि एकदम नितळ, आणि नाकाला अगदी पुसट सफरचंद-नासपती. १९८६ मध्ये तिथल्या २४ ब्रूअरींनी करार केला की कोल्श कशाला म्हणायचं, आणि १९९७ पासून युरोपियन युनियनमध्ये या नावाला संरक्षण आहे, आपल्या महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला जीआय आहे तसंच. म्हणून पुण्याची ब्रूअरी नुसतं कोल्श न लिहिता 'कोल्श स्टाईल' लिहिते, ते मला योग्य वाटतं.

आणि मी हीच स्टाईल धरून का बसलोय तर स्टाउट या काळ्या बियरमध्ये भाजलेल्या माल्टखाली (माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य) आणि आयपीए या कडवट बियरमध्ये हॉप्सखाली (कडवटपणा आणि वास देणारी फुलं) बरंच काही झाकून जातं, कोल्शवर घालायला पांघरूणच नाही. अल्कोहोल साधारण ४.४ ते ५.२ टक्के, कडवटपणा १८ ते ३० आयबीयू (बियरचा कडवटपणा मोजायचं एकक), सगळं मधलंच. जरा काही चुकलं की तेच समोर येतं.

ग्लास. कोलोनमध्ये ०.२ लिटरच्या सरळ उभ्या ग्लासात देतात, त्याला श्टांगं म्हणतात, आणि ग्लास रिकामा झाला की वेटर न विचारता दुसरा ठेवतो, नको असेल तर ग्लासावर कोस्टर ठेवायचं. आपल्याकडे उसाच्या रसाचे उभे काचेचे ग्लास असतात ना, त्यात मापून २०० मिली ओतली. ग्लास खायच्या सोड्याने धुऊन उपडे वाळवले, भांड्यांच्या साबणाचा जरा जरी अंश राहिला तरी फेस बसतो, हे दुसऱ्या फेरीत कळलं होतं. मधेमधे तोंड साफ करायला साधी ज्वारीची भाकरी आणि पाणी. शेंगदाणे, फरसाण सगळं शेवटाला.

पहिला ग्लास ५ डिग्रीला. दिसायला सुंदर, मागे पेपर धरला तर अक्षरं वाचता येत होती, दुसऱ्या फेरीतला गढूळपणा पूर्ण गेलाय. फेस पांढरा, बारीक. वास जवळजवळ नाहीच, थोडा ताज्या ब्रेडसारखा माल्ट. चव स्वच्छ, शेवट कोरडा. मामेभाऊ म्हणाला ३८ तरी द्यायला पाहिजेत, आणि माझ्या कागदावर पण तेवढेच होते.

दाजी काहीच बोलले नाहीत. दाजींनी वीस वर्षं दूध संकलन केंद्रावर काढलीत, रोज पहाटे कॅनचं झाकण उघडून आधी नाक, मग बाकीचं मशीन. बियर त्यांना विशेष आवडत पण नाही, पण त्यांचं नाक मला हवं होतं म्हणून मुद्दाम बोलावलं होतं. त्यांनी ग्लास दोन्ही तळव्यात धरला, दहा मिनिटं तसाच, मग वास घेतला आणि म्हणाले, "लोणी हाय ओ यात. ताकावरचं."

मी माझा ग्लास तसाच गरम केला, त्यांच्याच दुधाच्या थर्मामीटरवर १२ डिग्री होऊ दिलं, आणि खरंच. आधी नव्हतं ते आता स्पष्ट होतं, आणि घोट घेतल्यावर जिभेवर एक बुळबुळीत थर. डायअॅसिटिल. विरजण लावून घुसळलेल्या लोण्याला जो वास येतो तो बऱ्याच अंशी याच पदार्थाचा, त्यामुळे दाजींनी बरोबर जागेवर बोट ठेवलं होतं, फक्त नाव त्यांना माहीत नव्हतं. लिटरला ०.१ मिलीग्रॅमच्या आसपास असलं तरी बऱ्याच जणांना कळतं, काहींना मात्र त्याच्या कितीतरी पट असून पण कळत नाही. मामेभावाला शेवटपर्यंत कळलं नाही. चूक त्याची नाही, नाकं वेगळी असतात, म्हणून तर एकट्याने जज करू नये असं मी आता ठामपणे म्हणतो.

मग प्रश्न आला की हे ब्रूअरीतच झालं का वाटेत. यासाठी ब्रूअर लोक करतात ती टेस्ट घरी करून बघितली. थोडी बियर दोन ग्लासांत वरखाली ओतून गॅस काढला (गॅस ठेवून बरणी तापवू नका, फुटेल), लोणच्याच्या दोन स्वच्छ बरण्यांत सारखी भरली, वर फॉइल. एक तशीच ठेवली, दुसरी ६५ डिग्रीच्या पाण्यात पातेल्यात २५ मिनिटं, मग थंड पाण्यात ठेवून दोन्ही एका तापमानाला आणल्या. दाजींना पाठ फिरवायला लावून बरण्यांची अदलाबदल केली, तिन्ही वेळा त्यांनी गरम केलेली बरोबर ओळखली. लोणी दुप्पट झालं होतं.

याचा अर्थ असा की यीस्ट काम करताना एक कच्चा माल बियरमध्ये सोडतं, त्याचं हळूहळू डायअॅसिटिल होतं, आणि वेळ दिला तर तेच यीस्ट ते परत खाऊन टाकतं. फर्मेंटेशनच्या शेवटी दोन-तीन दिवस टाकी जरा उबेत ठेवली की हे काम होतं. इथे कच्चा माल पण शिल्लक आणि लोणी पण शिल्लक, म्हणजे घाईने थंड करून यीस्ट खाली बसवलं, तेव्हा ही बियर अशी नितळ दिसतेय. बर्फात घालून आणलेल्या तीन तासांच्या प्रवासात एवढं होत नाही. बियर ओतायच्या नळ्या घाण असल्या तरी लोणी येतं, पण तेव्हा सोबत बहुतेक आंबटपणा असतो, तो इथे अजिबात नव्हता.

बीजेसीपी या बियर जज लोकांच्या संस्थेच्या ५० मार्कांच्या शीटप्रमाणे: वास ६/१२, रूप ३/३, चव ११/२०, तोंडातला फील ३/५, एकंदर छाप ५/१०. बेरीज २८. म्हणजे 'गुड' पट्ट्यात, जो २१ ते २९. रूपाचे पूर्ण मार्क मी मनापासून दिलेत, तिथे त्यांनी खरंच मेहनत घेतलीय.

आता जे मला दोन दिवस झोपू देईना ते. पहिल्या फेरीची वही काढली. तेव्हा मी ४१ दिले होते आणि लिहिलं होतं "मऊ, गोलसर माल्ट, जिभेवर रेशमासारखी". रेशीम. आज वाचताना मला ते वाक्य सरळसरळ डायअॅसिटिलचं वर्णन वाटतंय, आणि ती बियर मी सगळी गारच प्यायलो होतो, गरम होऊ दिलीच नव्हती. पण ती बॅच वेगळी, परत तपासता येत नाही, म्हणून ४१ खोडले नाहीत, शेजारी पेन्सिलने प्रश्नचिन्ह टाकलंय. ज्यांनी माझ्या त्या नोंदीवरून ही बियर मागवली असेल त्यांनी कृपया १२ डिग्रीला परत एक ग्लास घेऊन बघा आणि कळवा.

ब्रूअरीला टेस्टच्या सगळ्या नोंदी पाठवल्यात, दोन्ही बरण्यांच्या सकट. दुसरा ग्राउलर फ्रीजमध्ये आहे, तो गुरुवारी दाजी आले की उघडणार, या वेळी तिघंही १२ डिग्रीपासूनच सुरू करू.