पेशंट कोण?

लेक चौदा महिन्यांची होती. पावसाळ्यात दुसऱ्यांदा तिच्या छातीत घरघर सुरू झाली, म्हणून सरकारी रुग्णालयाच्या बालरोग ओपीडीत गेलो. नेब्युलायझरचा मास्क मी धरला होता आणि ती हातपाय झाडत होती. डॉक्टरबाईंनी विचारलं, "घरात कोणी सिगारेट ओढतं?"

"घरात नाही," मी म्हटलं. बायकोने नुसतं माझ्याकडे बघितलं.

"म्हणजे गॅलरीत. आणि आत आलात की हिला उचलता, त्याच शर्टात."

धुराचे कण कपड्यांत, केसांत राहतात, बाळाच्या श्वासनलिका अरुंद आणि श्वास आपल्यापेक्षा भरभर, एवढंच त्यांनी सांगितलं. ओरडल्या असत्या तर रागावून निघून तरी आलो असतो. "तंबाखू मुक्ती केंद्र इथेच आहे, आजच जाऊन या," म्हणाल्या आणि लेकीच्या कागदावर तसं लिहून दिलं.

त्या 'इथेच'पायी माझे तीन खाडे झाले.

केस पेपरची खिडकी. "पेशंट कोण?"

"मुलगी."

"वय?"

"चौदा महिने."

"कुठे दाखवायचंय?"

"तंबाखू मुक्ती."

मागची रांग हसली. ओढतो मी, पाठवलंय मुलांच्या डॉक्टरांनी, हे बघा लिहिलंय, असं सगळं सांगून झालं. "हा कागद तिचा आहे. तुमचा वेगळा काढा, मोठ्यांची रांग तिकडे." तिकडची खिडकी पाच मिनिटांपूर्वी बंद झाली होती.

दुसऱ्या खेपेला सकाळीच कागद काढला. तर म्हणे थेट जाता येत नाही, आधी जनरल ओपीडीतून लिहून आणा. दोन तास बाकावर. आत डॉक्टरांनी विचारलं, "काय होतंय?" मला काहीच होत नव्हतं! होत होतं ते लेकीला, आणि तिचा कागद चालत नव्हता. शेवटी लिहून मिळालं. वर गेलो तर समुपदेशक प्रशिक्षणाला, गुरुवारी या. खाली उतरलो, फाटकाबाहेरच्या टपरीवर गेलो आणि एक ओढली. लाज वाटली, पण ओढली.

गुरुवारी समुपदेशक भेटले. माणूस चांगला. पहिला प्रश्न, उठल्यावर किती वेळात पेटवता? अर्ध्या तासाच्या आत असेल तर निकोटीनचा च्युइंगगम ४ मिलिग्रॅमचा लागतो, नाहीतर २ चा. माझं २ वर भागलं. तो गम बबलगमसारखा चघळायचा नसतो. मी चघळला आणि दिवसभर उचक्या. जीभ चुरचुरली की गालात दाबून ठेवायचा, चुरचुर गेली की पुन्हा चावायचा, असं अर्धा तास. त्याआधी पंधरा मिनिटं चहा नाही, तोंडात गम असताना तर नाहीच. सिगारेटपेक्षा मला हेच जड गेलं.

त्यांनीच क्विटलाइनचा, म्हणजे तंबाखू सोडायला फोनवरून मदत करणाऱ्या सेवेचा, नंबर दिला, १८००-११-२३५६, फुकट आहे. "पाकिटावर छापलेला असतो की," म्हणाले. पाकीट घेतोय कोण? सुट्या सिगारेटी विकायला राज्यात २०२० पासून बंदी आहे, तरी मी कायम सुटीच घेत आलो. आधी माहीत असतं तर रांगेत उभं राहण्याआधी फोनच केला असता. तुम्ही तेच करा. सोडायची तारीख ठरवून घेतात आणि नंतर स्वतःहून फोन करून विचारतात.

मेहुण्याच्या हळदीला एक ओढली. बायकोला वासावरून कळलं, दोन दिवस अबोला. त्यानंतर नाही.

अठराव्या महिन्याच्या बूस्टरला त्याच डॉक्टरबाई होत्या. "काय बाबा?" म्हणाल्या. तीन महिने झाले, म्हटलं. त्यांनी लेकीच्याच कागदाच्या समासात लिहिलं: 'वडील – बंद, ३ महिने.' त्यासाठी माझा वेगळा केस पेपर लागला नाही.

आणि हो, क्विटलाइन सोमवारी बंद असते. मी नेमका सोमवारी लावत बसलो होतो.