कॅमेरा घ्यायचाय, पण कशासाठी?

आज भाच्याला घेऊन सोलापुरात नव्या पेठेत कॅमेरा बघायला गेलतो. बजेट ४० हजार, आणि पठ्ठ्या रिव्ह्यू बघून बघून नुसतं मेगापिक्सेल मेगापिक्सेल करायलाय. म्हटलं आधी सांग, फोटो कशाचे काढणार बे? तर म्हणे हिप्परग्याच्या तलावावरचे पक्षी आणि जानेवारीत गड्ड्याच्या म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेतले नंदीध्वज, मिरवणुकीतल्या त्या उंच काठ्या. आता या दोन्हीची गरजच वेगळी. पक्षी लांब बसतो, त्याला निदान २५०-३०० एमएमची लेन्स पाहिजे (एमएम जास्त तितकं लांबचं जवळ दिसतं), कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या १८-५५ एमएमच्या लेन्समध्ये बगळा तांदळाच्या दाण्याएवढा येतो. अन् रात्री मिरवणुकीत उजेड कमी, माणसं हलती, तिथं ५० एमएम एफ १.८ लेन्स बरी (एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त आत येतो), ती त्यामानानं स्वस्तातही येते. मेगापिक्सेलचं म्हणाल तर १२ बाय १८ इंची प्रिंट ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) काढली तरी २० पुरतात, त्याहून मोठी लावतंय कोण!

दुकानदार मिररलेसच, म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेराच, पुढं करत होता. चांगलाय हो, हलका, ऑटोफोकस झकास, पण सगळे पैसे बॉडीतच गेले तर लेन्स काय फुकट येणारे?

शेवटी ठरलं, जुनी डीएसएलआर (आरशावाला कॅमेरा) बघायची, शटर काउंट म्हणजे आजवर किती फोटो काढलेत तो आकडा तपासून, अन् एफ १६ ला, म्हणजे लेन्सचं भोक बारीक करून, पांढऱ्या भिंतीचा एक फोटो काढून, सेन्सरवर डाग असले तर त्यात लगेच दिसतात. उरलेल्या पैशात टेली लेन्स, लांबच्या पक्ष्यांसाठी. भाचा जरा हिरमुसलाय, नवा बॉक्स फोडायची मजा गेली म्हणून.

कुणाकडं ५५-२५० एमएमची लेन्स पडून असेल तर इनबॉक्स करा. काचेत बुरशी नको फक्त, टॉर्च मारून बघणारे मी.