हेबर्लीचे दोन कॅमेरे

रविवार, रात्री उशिरा. पाचपाखाडी, ठाणे.

पत्रकारितेच्या दुसऱ्या वर्षाचे पेपर तपासतेय. 'युद्धात जखमी माणूस समोर पडलाय. आधी फोटो की आधी मदत?' हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी काढतंच आणि उत्तरही ठरलेलं: माणुसकी आधी, पत्रकारिता नंतर. सोबत फोटोग्राफर केविन कार्टर, 1993चं सुदान, उपाशी मुलाजवळ बसलेलं ते गिधाड, पुलित्झर, आत्महत्या. उत्तर चूक नाही. प्रश्नच सोपा आहे, असं मला हल्ली वाटतं. त्या घटकेला काय करायचं ते बहुतेकदा विचार करायच्या आधीच होऊन गेलेलं असतं. पंचाईत पुढे असते. फिल्म हातात आहे, वेळही भरपूर आहे, आणि ती कुणाला द्यायची ते ठरवायचंय.

म्हणून यंदा वर्गात रॉन हेबर्ली घेतला. अमेरिकी लष्कराचा फोटोग्राफर, म्हणजे शिपाई आणि बातमीदार एकाच गणवेशात. 16 मार्च 1968ला तो सैनिकांच्या एका तुकडीबरोबर व्हिएतनामातल्या माय लाय या गावात उतरला. जवळ लष्कराचा कॅमेरा होता, त्यात कृष्णधवल फिल्म. आणि स्वतःचा होता, त्यात रंगीत. त्या सकाळी तिथे बायका, पोरं, म्हातारे मारले गेले. व्हिएतनामी आकडा 504चा आहे. कृष्णधवल फिल्म त्याने नियमाप्रमाणे जमा केली, रंगीत घरी नेली. नोव्हेंबर 1969मध्ये सेमूर हर्श या पत्रकाराने बातमी फोडली आणि आठवड्याभराने त्या रंगीत फिल्मवरचे फोटो क्लीव्हलंडच्या 'प्लेन डीलर' दैनिकात आले. जगाने माय लाय पाहिलं ते त्या खासगी कॅमेऱ्यातून.

पुढची गोष्ट हेबर्लीने चाळीसेक वर्षांनी कबूल केली. सैनिक प्रत्यक्ष मारताना दिसत होते असे काही फोटो त्याने स्वतःच नष्ट केले होते.

हे सांगितल्यावर वर्गात एकदम दोन तट. एक मुलगी म्हणाली, 'मग तो साक्षीदार कसला? साथीदारच.' मागच्या बाकावरून आवाज, 'ते रोज एकत्र जेवत असतील, मॅडम.' दोघांचंही पटलं मला, ही माझी अडचण.

त्याच सकाळी ह्यू थॉम्पसन नावाच्या वैमानिकाने आपलं हेलिकॉप्टर गावकरी आणि अमेरिकी सैनिक यांच्या मधोमध उतरवलं. आपल्या माणसांनी या लोकांवर गोळ्या झाडल्या तर आपल्याच माणसांवर गोळी चालवा, असं त्याने दोन सहकाऱ्यांना सांगितलं. काही गावकऱ्यांना हेलिकॉप्टरने बाहेर काढलं, वर जाऊन तक्रारही केली. मायदेशी संसदेच्या संरक्षण समितीच्या अध्यक्षांना मात्र शिक्षा करावी तर यालाच, असं वाटलं. पदक मिळालं 1998मध्ये.

संध्याकाळी कचराळी तलावावर फेऱ्या मारताना सुभेदारकाका भेटले. तिसऱ्या मजल्यावरचे, मूळचे साताऱ्याकडचे, मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त. त्यांना सगळं सांगितलं. थॉम्पसनबद्दल एका शब्दात म्हणाले, 'वाघ.' आपल्याही आर्मी अॅक्टच्या कलम 41मध्ये न मानल्यास शिक्षा आहे ती 'लॉफुल' हुकमाची, कसल्याही हुकमाची नाही, हे त्यांनी लगेच सांगितलं. वर म्हणाले, 'पण ताई, ते लॉफुल हाय का न्हाई, हे ठरवायला मिळतो अर्धा सेकंद.'

'आणि हेबर्ली?'

'फोटो फाडलं ते बरोबर केलं. मीबी दिलं नसतं.'

मी चिडलेच. म्हटलं, तोंडं लपवली म्हणूनच तर सुटले सगळे. त्या हत्यांबद्दल दोषी ठरला एकच माणूस, लेफ्टनंट कॅली. जन्मठेप झाली आणि प्रत्यक्षात भोगली साडेतीन वर्षांच्या आसपास, तीही बरीचशी स्वतःच्या क्वार्टरात नजरकैदेत. काका थांबले, बुटाची नाडी बांधली. मग म्हणाले, 'फोटोत कोण आलं असतं? शिपाई. त्याला तिथं धाडणारा कुठल्या फोटोत येतो?'

कॅलीच्या वरचा कॅप्टन मेडिना निर्दोष सुटला, हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांचंच म्हणणं घट्ट झालं असतं. तरी मला पटत नाही. शिपायाचं नाव दडवलं की वरच्याचं नाव बाहेर येतं, असं कुठे घडलंय? बहुतेकदा दोन्ही दडतात.

घरी आले तर आई वाहिन्या बदलत बसलेली. 8 मे 2025ची रात्र आठवली. कराची बंदर उद्ध्वस्त, असं काही वाहिन्या ओरडून सांगत होत्या. झालं तसलं काहीच नव्हतं. वर्गात मुलं हेही 'पत्रकाराची नैतिक कोंडी' म्हणून लिहितात. कोंडी कसली, थापा आहेत त्या. 26/11च्या थेट प्रक्षेपणात निदान प्रश्न तरी खरा होता: समोर दिसतंय, पण दाखवलं तर आतल्या कमांडोंच्या जिवावर बेतेल. कसाबच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर वाहिन्यांना खडसावलं आणि 2015पासून अशा कारवाईचं थेट प्रक्षेपण करायला नियमानेच बंदी आली.

पेपरात मी विचारलं होतं ते वेगळंच. 'वॉशिंग्टन पोस्ट'च्या जोनाथन रँडलने बोस्नियातल्या एका सर्ब नेत्याची मुलाखत घेतली होती. पुढे तो नेता हेगच्या युद्धगुन्हे न्यायाधिकरणात आरोपी म्हणून उभा राहिला, रँडलला साक्षीचं समन्स गेलं आणि तो नाही म्हणाला. बातमीदार साक्ष देतात असं एकदा दिसलं की पुढच्या युद्धात कुणी त्यांच्याशी बोलणार नाही, उलट जिवावर उठतील, हा मुद्दा. डिसेंबर 2002मध्ये अपील पीठाने तो बराचसा मान्य केला: पुरावा खटल्याच्या गाभ्याशी असेल आणि दुसरीकडून मिळण्यासारखा नसेल, तरच युद्धवार्ताहराला बोलवा. 'गार्डियन'चा एड व्हलिअमी मात्र त्याच न्यायाधिकरणात जाऊन साक्ष देऊन आला. बोस्नियातल्या कैद्यांच्या छावण्या डोळ्यांनी पाहिल्यावर तटस्थ राहणं त्याला जमेना. तुम्ही काय कराल, एवढाच प्रश्न.

बहुतेकांनी व्हलिअमी निवडलाय. मीही तोच निवडते, थोडं धास्तावून. कळव्याहून येणाऱ्या एका मुलाने मात्र लिहिलंय: 'मी साक्ष देऊन विमानाने घरी येईन. पण माझा दुभाषा त्याच गावात राहतो. त्याला विचारल्याशिवाय मी हो म्हणणार नाही.' रँडलला ती भाषा येत नव्हती, मुलाखतीला दुसऱ्या एका पत्रकाराने दुभाष्याचं काम केलं होतं. हे मी वर्गात बोललेही नव्हते.

दहापैकी नऊ दिले. 'दुभाषा' तिन्ही ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ चुकवून लिहिलाय, त्याचा एक कापला.