तिकीट नसलेलं पत्र

आठवीत असताना मी आजोबांच्या ट्रंकेतली सगळी पाकिटं परातीत कोमट पाण्यात भिजत घातली होती. तिकिटं सुटली, ती वाळवून भाताच्या शितानं वहीत चिकटवली, आणि उरलेले कागद आईनं बंबात घातले. त्यात निजामाचं आठ आण्यांचं तिकीट होतं, अजिंठ्याच्या लेण्यांच्या दाराचं. एक रुपयाचंही होतं, दौलताबादच्या मिनाराचं. १९३१ साली निघालेली मालिका ती. साध्या पत्राला एवढं तिकीट लागत नसे, म्हणजे ती रजिस्टर पत्रं असणार, म्हणजे आत काहीतरी महत्त्वाचं असणार. काय होतं ते सांगणारं आता घरात कुणी नाही.

आधीच सांगून टाकलं, कारण जुनी पत्रं जमवण्याच्या ज्या नादाबद्दल लिहितेय त्यातलं माझं पहिलं पाप ते आहे.

पुढे मी पोस्टातच लागले. ३४ वर्षं काउंटर, सॉर्टिंग आणि ट्रेझरी, बहुतेक सगळी बीड जिल्ह्यात. आता अंबाजोगाईत राहते. अजून कुणाच्या लग्नाची पत्रिका टपालानं आली तर आधी शिक्का वाचते, नवरा-नवरीची नावं मग.

रिटायर झाल्यावर तिकिटं सोडली आणि पत्रं धरली. गुलामगिरी, गिरमिट (म्हणजे करारावर परदेशी नेलेली मजुरी) आणि साहेबाचं राज्य, या तिन्हींशी धागा असलेली पत्रं आणि पाकिटं. लोक विचारतात, अंबाजोगाईत बसून तुम्हाला गुलामांचं काय? अहो, आमचं गाव म्हणजे मोमिनाबाद, हैदराबाद कॉन्टिन्जंटची, म्हणजे निजामाच्या खर्चानं पोसलेल्या इंग्रजांच्या फौजेची, छावणी. त्याच फौजेच्या पगारापायी निजाम कर्जात बुडाला आणि १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांकडे गेला. आणि औरंगाबाद? १६१० साली तिथे खडकी वसवणारा मलिक अंबर हा इथिओपियातून विकला गेलेला पोरगा. बगदादच्या एका व्यापाऱ्यानं त्याचं नाव अंबर ठेवलं. अहमदनगरला त्याला विकत घेणारा निजामशाहीचा पेशवा चंगेजखान, तोही हबशीच. खुल्दाबादला भद्रा मारुतीला आम्ही कितीदा गेलो असू, पण तिथेच असलेल्या अंबरच्या कबरीकडे वळायला मला साठी यावी लागली.

तर पत्र. माझ्याकडे एक आहे मॉरिशसचं, १८५६चं. पाकीट नाही, कागदच घडी घालून लाखेनं बंद केलेला, पाठीवर मुंबईच्या व्यापाऱ्याचा पत्ता. तिकीट नाही. पैसे न भरता टाकलेलं, घेणाऱ्यानं मोजायचे, म्हणून शिक्का ‘बेअरिंग’. आपण ‘बैरंग परत आला’ म्हणतो तो बैरंग हाच. काउंटरवर असताना मी बैरंग पत्राचे दुप्पट पैसे वसूल केलेत आणि शिव्याही खाल्ल्यात.

मॉरिशस म्हटलं की संग्राहकांना १८४७ची ‘पोस्ट ऑफिस’ असं छापलेली दुर्मीळ तिकिटंच दिसतात. त्यातली दोन लावलेलं १८५०चं एक पत्र मुंबईला बायबल सोसायटीच्या सेक्रेटरीला आलं होतं. पुढे ते इकडच्याच एका बाजारात सापडलं आणि जगात गाजलं. माझं पत्र आलं त्याच वाटेनं, पण तिकीट नाही, म्हणून ४२०० रुपयांत मिळालं. विकणारा म्हणाला, बाई, आत नुसता तांदळाचा हिशोब आहे.

तांदळाचा होताच. डाळीचा, तुपाचा, जहाजाच्या भाड्याचा. पण कागद वाचवायला लिहिणाऱ्यानं एक चाल केलेली. आडव्या ओळी संपल्यावर पान पाव फिरवून त्यांच्यावरूनच उभ्या ओळी लिहिल्या. दिसायला गोणपाट. भिंग आणि टेबललँप घेऊन रोज दुपारी चार-पाच ओळी, असे तीन आठवडे गेले. उभ्या ओळींत मुंबईहून नेलेल्या सतरा माणसांचा विषय निघाला. नावं नाहीत, सतरा एवढंच. पैकी काही कामावर आले नाहीत, त्यांचा दुप्पट पगार कापला, आणि त्यामुळे या महिन्याचा हिशोब बरा बसला. मग परत तूप.

एक दिवस गैरहजर तर दोन दिवसांचा पगार कापायचा, ही तिथल्या ऊसमळ्यांची रीतच होती. ‘डबल कट’ म्हणत. मॉरिशसमध्ये गुलामी १ फेब्रुवारी १८३५ला कायद्यानं संपली. पण गिरमिटवाल्या ३६ जणांना घेऊन ‘ॲटलस’ जहाज त्याच्या तीन महिने आधीच, २ नोव्हेंबर १८३४ला पोर्ट लुईला लागलं होतं. पाच वर्षांचा ॲग्रिमेंट, त्याचं झालं गिरमिट. महिना पाच रुपये.

या सगळ्या व्यवहारातलं जे पत्र मला खरं हवंय ते मला कधी मिळणार नाही. ४ जानेवारी १८३६ला लिव्हरपूलच्या जॉन ग्लॅडस्टननं कलकत्त्याच्या गिलँडर्स, आर्बथनॉट कंपनीला लिहिलेलं. पुढे इंग्लंडचा पंतप्रधान झालेल्या ग्लॅडस्टनचा हा बाप. दक्षिण अमेरिकेतल्या गयानात त्याचे मळे. गुलाम सुटणार, तर आता तुमच्याकडून मजूर मिळतील का, अशी विचारणा. भाषा तुम्ही-आम्ही बियाणं मागवतो तशी. कंपनीचं उत्तर ६ जूनचं, म्हणजे मध्ये पाच महिने. (आमच्या वेळी पाच दिवस झाले तरी तक्रार अर्ज यायचा.) उत्तरात कळवलंय की या माणसांना आपण कुठे चाललोय आणि प्रवास किती दिवसांचा, याची काहीच कल्पना नसते. हे अडचण म्हणून लिहिलेलं नाही, सोय म्हणून लिहिलंय. १८३८ साली ‘व्हिटबी’ आणि ‘हेस्पेरस’ माणसं घेऊन गयानाला निघाली.

याच ग्लॅडस्टनला अडीच हजारांवर गुलामांच्या बदल्यात लाखावर पौंड सरकारी भरपाई मिळाली. ब्रिटिश सरकारनं सगळ्या मालकांना मिळून दोन कोटी पौंड दिले, गुलामांना छदाम नाही. त्यासाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा भाग फिटला २०१५ साली. त्या साली मी काउंटरवर होते, लोकांची सुकन्या समृद्धीची खाती उघडत.

जुन्या पत्रांच्या बाजाराची एक गोष्ट मला अजून पचत नाही. लिलावाच्या यादीत ‘कंटेंट’ म्हणून वेगळा भाव असतो. अमेरिकेतल्या गुलामांच्या व्यापाऱ्यांची जुनी पत्रं येतात, न्यू ऑर्लिन्सला बाजार कसा चाललाय, पुरुष कितीला गेला, लेकरासकट बाई कितीला गेली. पत्रात माणसांचे भाव जितके तपशिलात, तितकी पत्राची बोली वर. एकदा मी रात्री बारापर्यंत जागून अशा एका पत्रावर बोली लावत होते. माझ्या बोलीवर कुणीतरी बोली चढवली, मी आणखी वाढवली. मग लक्षात आलं की मी नेमकं काय करतेय. लॅपटॉप मिटवला. पण दुसऱ्या दिवशी कितीला गेलं ते पाहिलंच, खोटं कशाला बोलू.

फसलेही आहे. एका विक्रेत्यानं मोमिनाबाद छावणीचं म्हणून पाकीट दिलं, अर्ध्या आण्याचं निळं तिकीट, वर शिक्का झकास. आठ हजार मोजले. घरी उन्हात धरलं तर शिक्का तिकिटाच्या कडेला येऊन थांबलेला, पाकिटावर उतरलेलाच नाही. तिकीट दुसरीकडचं आणून डकवलेलं. हजारो पत्रांवर स्वतःच्या हातानं शिक्के मारलेली बाई मी, अर्धा ठसा तिकिटावर आणि अर्धा कागदावर पडतो हे मला कुणी शिकवायचं? पैसे परत मिळाले नाहीत. ते पाकीट मी टाकलेलं नाही, कपाटाच्या दारावर आतून लावलंय.

मॉरिशसच्या पत्राची उकल संपली त्या दिवशी आमच्याकडे भांड्याला येणाऱ्या मावशी ओट्याशी होत्या. केजकडच्या. नवऱ्यासोबत चौदा हंगाम ऊसतोडीला गेलेल्या, कधी सांगलीकडे, कधी कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक कोयता. भिंग घेऊन काय बघता म्हणाल्या, म्हणून वाचून दाखवलं, मराठी करत करत.

“ऊसच का तिथं बी?”

“ऊसच.”

“उचल दिलती का त्यास्नी?”

म्हटलं, आगाऊ पैसे द्यायचे, पण या सतरा जणांना किती दिले ते यात नाही.

“हिशोब कोण लिव्हायचं?”

“मालक. हे पत्र त्यांच्यातल्याच एकाचं.”

त्यांनी हात पुसले. “आन् दुप्पट कापायचे म्हंता, त्यो खाडाच की ओ ताई. आमचा मुकादम बी तसंच. एक दिस लेकरू तापलं म्हणून मी कोपीवर ऱ्हायले, तर आदल्या दिवसाची बी मजुरी गेली. त्याच्या वहीत आडवी रेघ मारायचा, बस.”

“वही बघितली होती का तुम्ही?”

“बघून काय करू? वाचता कुठं येतंय.” आणि कुकरचं झाकण घासायला घेतलं.

पुढच्या महिन्यात हे पत्र टपाल-प्रदर्शनाच्या पानावर चढवायचंय. एका जाणत्या परीक्षकांनी सल्ला दिलाय की घडी तशीच ठेवा, शिक्क्याची बाजू वर, आतला मजकूर दाखवायची गरज नाही. मी घडी उघडूनच लावणार आहे. जुना कागद घडीवर तुटतो म्हणून मागून पारदर्शक पट्टी दिली, सेलोटेप नाही, हे शिकायलाही एक पत्र गमावलंय. खाली माहितीची चिठ्ठी लिहायला घेतली. पोर्ट लुई ते मुंबई, १८५६, बेअरिंग, लाखेची मोहोर. ‘डबल कट’ लिहिलं, खोडलं, आणि पेन्सिलनं लिहिलं ‘खाडा’. शाईनं उद्या मावशी आल्यावर लिहीन. ‘किती? सतरा?’ हे त्यांनी दोनदा विचारलं होतं.