रूली

सोमवार, रात्री. ऑस्लो.

आज कार्यालयात एका स्वीडिश सहकारी बाईंनी शनिवार-रविवार कसा गेला, असे विचारले आणि मी माझ्या नॉर्वेजियनमध्ये ‘रूली’ असे उत्तर दिले. त्यांनी खुर्ची पुढे ओढून, काय काय केले ते सांगा, असा आग्रह धरला. मी दोन दिवस झोपलो होतो आणि एकदा मुगाची खिचडी लावली होती, एवढेच सांगण्यासारखे होते. ते ऐकून त्यांचा चेहरा पडला आणि मग त्या खो-खो हसल्या.

दोन्ही भाषांत हा शब्द ‘रोलिग’ असाच लिहितात; पण नॉर्वेजियनमध्ये त्याचा अर्थ शांत, निवांत, तर स्वीडिशमध्ये मजेदार. मूळ ‘रू’, म्हणजे शांतता, विसावा. नॉर्वेजियनने तो अर्थ जपला. स्वीडिशमध्ये मात्र विसाव्यातून विरंगुळा आणि विरंगुळ्यातून मौज, असा तो सरकत गेला असावा, कारण तिथे ‘रूआ’ या क्रियापदाचा अर्थच मन रमवणे असा आहे. मला लगेच आपली ‘चेष्टा’ आठवली: संस्कृतात हालचाल, हिंदीत प्रयत्न आणि मराठीत थट्टा!

रूपांतही दोघींचे जमत नाही. नपुंसकलिंगी नामापुढे स्वीडिशमध्ये शेवटी ‘त’ लागतो (बोलताना ‘रूलित’), पण नॉर्वेजियनमध्ये ‘इग’ने संपणारी विशेषणे हा ‘त’ घेत नाहीत, म्हणून शांत मूल असो वा शांत माणूस, विशेषण आपल्या ‘सुंदर’सारखे जागचे हलत नाही. अनेकवचनात मात्र तेही बदलते: इकडे ‘रूलिए’, तिकडे ‘रूलिगा’. माझ्या मते या त्रासातून नॉर्वेजियनने विद्यार्थ्याची थोडी सुटका केली आहे.

सर्वांत मौज वाटली ती नकाराची. स्वीडिशमध्ये ‘ऊरूलिग’ म्हणजे कंटाळवाणा असेल, असे मी धरून चाललो होतो. पण कंटाळवाण्याला ते ‘त्रोकिग’ म्हणतात आणि ‘ऊरूलिग’ म्हणजे चिंतातुर, अस्वस्थ. म्हणजे मूळ शब्दातून निघून गेलेली शांतता त्याच्या नकारात अजून राहिली आहे. नॉर्वेजियन तोच उपसर्ग वेगळ्या अक्षराने लिहिते, पण उच्चार ‘ऊ’च्या जवळचाच.

संध्याकाळी निघताना मी पुन्हा माफी मागू लागलो, तेव्हा बाई म्हणाल्या, “ऊरूलिग होऊ नका.” हे मात्र मला कोश न उघडताच कळले.